चौथ्या महिन्यातलं पत्र

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

दूर कुठे भूकंप झाला, डोंगर खचला, समुद्र आत शिरला की दोन दिवसांत आपल्या चौकात फलक लागतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' फलक लावणाऱ्यांचे फोटो मोठे, आणि ज्यांच्यासाठी लावला त्यांच्या गावाचं नाव बारीक अक्षरात, तेही कधीकधी चुकलेलं. हसायला सोपं आहे, पण त्यामागची हळहळ खोटी नसते. ती पोचत मात्र नाही. ज्याचं घर गेलं त्याच्यापर्यंत ती पोचवायची कशी, एवढाच आजचा विषय.

पहिली चूक नावातच होते. शोधकार्य चालू असताना 'श्रद्धांजली सभा' म्हणायचं नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथला जलप्रलय झाला, तेव्हा हजारो माणसं बेपत्ता होती आणि त्यांचे नातेवाईक हातात फोटो घेऊन डेहराडून-ऋषिकेशला फिरत होते. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळातल्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गेली, तिथेही बेपत्तांची यादी किती दिवस हलली नाही. ज्याची आई त्या यादीत आहे, त्याला आपण इथून श्रद्धांजली पाठवली तर आपणच तिला मारून मोकळे झालो, असं त्याला वाटतं. एरवी बेपत्ता माणसाला मृत धरायला कायदाही सात वर्षं थांबतो. म्हणून 'प्रार्थनासभा' म्हणा. त्या शब्दात गेलेले, सापडायचे राहिलेले आणि वाचलेले असे सगळे बसतात. वाचलेल्यांसाठी तर सभा मुख्यतः असते, आणि भाषणांत नेमके तेच राहून जातात.

आता सभेची आखणी. पस्तीस ते चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नको. संध्याकाळी साडेसहाची वेळ बऱ्याच ऋतूंत मगरिबच्या नमाजावर येते आणि मग 'मुस्लिम बांधव आले नाहीत' अशी कुजबुज होते. साडेसातला ठेवा, प्रश्न मिटतो. सुरुवातीला दोन मिनिटं नुसती माहिती द्यावी: कुठे, कधी, काय झालं, आज तिथे काय अवस्था आहे. विशेषणं नकोत. मग दोन मिनिटं स्तब्धता, आणि ती घड्याळ लावून. संचालक अंदाजाने चाळीस सेकंदांत 'धन्यवाद' म्हणतो आणि सगळ्यांना फसवल्यासारखं होतं. त्यानंतर प्रत्येक परंपरेची प्रार्थना, प्रत्येकी तीन मिनिटं. मग आपण काय करणार आहोत ते पाच मिनिटांत सांगायचं आणि पसायदानाने शेवट. पसायदान नऊ ओव्यांचं आहे, सगळ्यांना पाठ आहे, आणि त्यात मागणं प्राणिमात्रासाठी आहे. भाषणं शून्य. सत्कार तर नाहीच. 'मान्यवरांनी मनोगत व्यक्त करावं' हे वाक्य उच्चारलं की सभा दीड तासाची होते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

प्रार्थना कुणाची कशी, हे ज्याचं त्याला विचारावं. दूर गेलेल्या माणसासाठी, मय्यत समोर नसताना, गायबाना जनाजाची नमाज पढतात हे कुणीतरी वाचलेलं असतं आणि तो मौलानांना ती पढायला सांगतो. शाफई परंपरेत ती चालते, हनफी परंपरेत चालत नाही. मौलाना अवघडतात. दुआ करा म्हटलं की अडचण राहत नाही. बौद्ध मंडळी त्रिशरण-पंचशील घेतील, जैन मंडळी णमोकार म्हणतील, ख्रिस्ती पाद्री मध्यस्थीची प्रार्थना करतील. एकाच माणसाने सगळ्यांच्या प्रार्थना वाचून दाखवायच्या नाहीत, ते नाटक होतं.

शब्दही सांभाळायचे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका गल्लीत बोलल्या जातात, त्यामुळे हे आपल्याला दुसऱ्या गावांपेक्षा लवकर कळायला हवं. मृत्यूला लिंगायत घरात लिंगैक्य म्हणतात, मुस्लिम घरात इंतकाल, बौद्ध घरात नावापुढे कालकथित लिहितात, वारकरी वैकुंठवासी म्हणतात. सरसकट 'कै.' लावलेली यादी फलकावर गेली की अर्ध्या नावांना ते लागू नसतं. यादी वाचायचीच असेल तर नुसती नावं वाचा. वायनाडमध्ये ज्यांची ओळख पटली नाही, त्यांना पुत्तुमला इथे सर्व धर्मांच्या प्रार्थना म्हणून दफन केलं आणि डीएनएवरून पुढे ओळख पटावी म्हणून कबरींना क्रमांक दिले. जिथे नावच नाही तिथे कुठला विधी, हा प्रश्न तिथल्या लोकांनी असा सोडवला.

एक वाक्य मात्र कुणाच्याही तोंडून येता कामा नये: 'हे कर्माचं फळ', 'देवाचा कोप', 'निसर्गाने सूड घेतला'. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. हेतू अस्पृश्यता मोडण्याचा होता, तरी रवींद्रनाथांनी त्यांना जाहीर विरोध केला. भौतिक घटनेला भौतिक कारणं असतात, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींसारख्या माणसाच्या तोंडी जे वाक्य शोभलं नाही, ते आपण व्हॉट्सअॅपवर ढकलू नये. आजच्या भाषेत त्याचंच दुसरं रूप आहे: 'झाडं तोडली, मग भोगा.' जंगलतोडीवर जरूर बोला, पण प्रार्थनासभेत नको. तिथे चिखलात उभा असलेला चहामळ्यातला मजूर झाडं तोडायला गेला नव्हता.

आता पत्र. पैशापेक्षा अवघड काम हे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

सांत्वनाच्या पत्रात पाच-सहा वाक्यं पुरतात. पहिल्या वाक्यात आपण कोण आणि कुठून लिहितोय. दुसऱ्यात त्यांच्या गावाचं नाव, अचूक. तिसऱ्यात काय झालं ते सरळ शब्दांत: 'तुमचं घर गेलं, तुमची माणसं गेली, आम्ही ते वाचलं.' इथे मोघम लिहिलं की पत्र सरकारी वाटतं. चौथ्यात आपण काय करतोय: 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना केली.' पाचवं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं: 'उत्तर द्यायची गरज नाही.' संकटातून वाचलेल्या माणसाला फोनवर दोनशे संदेश आलेले असतात आणि प्रत्येकाला उत्तर देणं हे त्याला एक कर्ज वाटतं. ते आधीच माफ करा.

काय लिहायचं नाही? 'निदान तुम्ही तरी वाचलात.' ज्याचं मूल गेलं त्याला आपण वाचलो हाच गुन्हा वाटत असतो. 'सगळं ठीक होईल.' आपल्याला कसं ठाऊक? 'काळ हेच औषध.' खरं असेल, पण इतक्या लवकर ऐकवायचं नसतं. आणि 'आम्हाला तुमचं दुःख कळतं' हेही नको. भूकंप सोसलेल्या किल्लारीच्या माणसाने लिहिलं तर चालेल, आपण नको.

भाषा त्यांची हवी. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तुर्की माणूस संकटातून वाचलेल्याला 'गेचमिश ओलसुन' म्हणतो, म्हणजे हे मागे पडो. पण घरातलं माणूस गेलं असेल तर तिथे वेगळी ठरलेली वाक्यं आहेत. पहिलं वाक्य दुसऱ्या जागी टाकलं की आपल्याकडे तेराव्याला जाऊन 'लवकर बरे व्हा' म्हटल्यासारखं होतं. मोबाइलवरच्या भाषांतराला हा फरक नेहमी कळत नाही. मल्याळम पत्र पाठवायचं असेल तर शहरात मल्याळम बोलणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मोठ्याने, कारण डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला खटकते. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते संकट युद्धाचं होतं, निसर्गाचं नव्हे. पण तिथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, हे आपण पुतळ्याला हार घालताना विसरतो.

शाळांच्या शुभेच्छापत्रांबद्दल थोडं. तीन हजार मुलांनी तीन हजार कार्डं केली की ती तिथल्या गोदामात पडतात. एका वर्गाने एका वर्गाला तीस-चाळीस कार्डं पाठवावीत, तीही आधी तिथल्या शिक्षकांशी बोलून. मुलांना सांगायचं: पूर, पडकं घर, रडणारा माणूस काढू नका. आपली शाळा काढा, सिद्धेश्वर तलाव काढा, गड्ड्याची जत्रा काढा, नंदीध्वज काढा. तिथल्या मुलाला दुसऱ्या गावाबद्दल कुतूहल वाटलं, तर तेवढा वेळ तरी तो आपल्या गावातून बाहेर पडला.

आणि हे पत्र कधी पाठवायचं? पहिल्या आठवड्यात नाही. पहिल्या आठवड्यात सगळं जग असतं तिथे: कॅमेरे, मंत्री, ट्रक. चौथ्या महिन्यात कुणी नसतं. छावणी उठलेली असते, भाड्याच्या खोलीत माणूस एकटा असतो, नुकसानभरपाईच्या कागदात एक सही कमी पडलेली असते. पत्र तेव्हा पोचावं. दुसरं पत्र वर्षाच्या दिवशी. तिसरं, दरड किंवा पूर असेल तर, पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की झोप उडते ती तेव्हा. आपल्या जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने ज्यांची घरं भरली, त्यांना हे सांगावं लागणार नाही.

तारखा लिहून ठेवा, आणि एकाच माणसाकडे ते काम द्या. समितीकडे दिलं की विसरलं जातं. तारखेबरोबर तिथीही लिहा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक दमून झोपले होते. त्यामुळे तिथल्या घरांत त्या रात्रीची आठवण दोनदा येते, एकदा ३० सप्टेंबरला आणि एकदा अनंत चतुर्दशीला. तुम्ही ३० तारखेला फोन केलात आणि अनंत चतुर्दशीला गणपतीच्या शुभेच्छा पाठवल्यात, तर अर्धंच जमलं. वायनाडची तारीख आपल्याला आणखी एका कारणाने लक्षात राहायला हवी. बरोबर दहा वर्षं आधी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं आणि १५१ माणसं गेली. वायनाडला पत्र लिहायचा हक्क महाराष्ट्रात कुणाला सगळ्यांत आधी असेल तर माळीणकरांना.

वस्तूंबद्दल थोडक्यात, कारण हा विषय सांत्वनाचा आहे. तरी सोलापूर म्हटलं की चादर येणारच. आपली चादर जाड सुती. थंडीच्या भूकंपात उत्तम. पावसातल्या छावणीत ती भिजली की दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट होते आणि कोपऱ्यात पडते. तिथे टॉवेल पाठवा. नवे, घडी केलेले, प्रत्येक माणसाला एक या हिशेबाने, आणि गठ्ठ्यावर आत काय, किती, हे त्यांच्या भाषेत लिहून. जुने कपडे अजिबात नकोत. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमला रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते आणि कोळी वस्तीतल्या लोकांनी ते घ्यायला नकार दिला. दुसऱ्याने टाकलेलं नेसायला लावणं हाही अपमानच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सांगली-कोल्हापूरच्या पुराला चालते, कारण तिथल्या जिभेला ती ओळखीची आहे. केरळात नेऊन उपयोग नाही. दुःखात माणसाला स्वतःच्या घरची चव हवी असते.

पैसे द्यायचे तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीसारख्या जाहीर खात्यात द्या. फॉरवर्ड होऊन आलेला क्यूआर कोड वापरायचा नाही. स्कॅन केल्यावर खातेदाराचं नाव काय येतं ते पैसे पाठवण्याआधी वाचा. एवढं पुरे.

सगळ्यांत जवळचा आपत्तीग्रस्त सोलापुरातच असतो, हे आपण विसरतो. आपत्ती झालेल्या भागातून इथे आलेली परिचारिका, वसतिगृहातला विद्यार्थी, बेकरीतला कामगार. त्याच्या घरचा फोन लागत नाही आणि तो इथे ड्यूटी करतोय. जागतिक आरोग्य संघटनेने अशा वेळेसाठी मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत सांगितली आहे, तिचा गाभा तीन शब्दांचा आहे: पाहा, ऐका, जोडा. आधी त्याला काय हवंय ते पाहा: मोबाइल चार्ज आहे का, तिकिटाला पैसे आहेत का, जेवलाय का. मग तो बोलेल तेवढं ऐका. 'नेमकं काय झालं ते सविस्तर सांग' असं खोदून विचारू नका. प्रसंग पुन्हा उगाळून घेतल्याने मन मोकळं होतं ही समजूत चुकीची आहे, त्याने त्रास वाढू शकतो. मग जोडा: घरच्यांशी, गावच्या माणसांशी, गरज असेल तर डॉक्टरांशी. झोप न लागणं, दचकणं, कशातच लक्ष नसणं हे पहिले काही आठवडे होतंच. महिना उलटून गेला तरी रोजचं काम जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. दिवसरात्र चालू, मोफत, आणि मराठीसह अनेक भाषांत. नंबर कागदावर लिहून हातात द्यायचा, नुसता सांगायचा नाही.

तो गावी जाऊन परत येईल, तेव्हा स्टँडवर कुणीतरी घ्यायला जा. येताना बस पहाटे पोचते, रिक्षा मिळत नाही, आणि खोलीवर जाऊन कुलूप उघडायचं असतं.