मस्कतची येळवस

श्रोतेहो, नमस्कार.

लातूर, उदगीर, देगलूर, नांदेड या पट्ट्यातली बरीच पोरं आखाती देशांत कामाला आहेत. कुणी क्रेन चालवतो, कुणी वेल्डर आहे, कुणाची लेक तिथल्या दवाखान्यात सिस्टर आहे. त्यांच्या घरच्यांशी बोलायला बसलं की पगार किती आणि सुट्टी कधी, यापुढं गोष्ट सहसा जात नाही. तिथं माणूस उठतो-बसतो कुणात, सणावाराला काय करतो, हे विचारायचं राहूनच जातं. मी ओमानमध्ये, मस्कतला, इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काढली. आज त्या राहण्याविषयी आणि तिथं केलेल्या येळवशीविषयी, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाविषयी, बोलणार आहे.

आपण मराठवाड्याची माणसं तिथं अगदीच परकी नसतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. निजामाच्या फौजेत हद्रमौतचे अरब होते. हद्रमौत म्हणजे आजच्या येमेनचा पूर्वेकडचा मुलूख. त्यांचीच चाऊस घराणी आपल्याकडं परभणी, बीड, नांदेडला पिढ्यान्‌पिढ्या नांदतायत. दखनी उर्दू आपल्या कानावर लहानपणापासून असते, त्यामुळं मस्कतच्या रुवी भागात हैदराबादी खानावळवाल्याशी किंवा पाकिस्तानी ड्रायव्हरशी बोलताना अडत नाही. खुद्द ओमानी लोकांतही हिंदी-उर्दू समजणारे भरपूर. जुन्या ओमानी माणसांना तर आपला रुपया आठवतो. आखातासाठी म्हणून भारताच्या रिझर्व्ह बँकेनं १९५९ मध्ये वेगळा रुपया काढला होता आणि तो ओमानमध्ये १९७० पर्यंत चालला. आजही त्यांच्या एका रियालचे हजार बैसा होतात.

एवढं असूनही आपली पुष्कळ माणसं दहा-दहा वर्षं तिथं राहून एकदाही ओमानी घराचा उंबरा ओलांडत नाहीत. खोली, साइट, मराठी मंडळाचा गणपती, परत खोली. मला याचं फार वाईट वाटतं. साइटवरच्या मजुराचं मी समजू शकतो. कॅम्प शहराबाहेर, शुक्रवारची एकच सुट्टी, त्यात कपडे धुवायचे आणि घरी फोन करायचा. पण ज्यांच्याकडं गाडी आहे, कुटुंब आहे, त्यांनी तरी जावं. बोलावणं येतं, ती माणसं मनापासून बोलावतात.

मी पहिल्यांदा गेलो तो हाताखालच्या एका ओमानी टेक्निशियनकडं. पुढं तोच माझा जिवलग मित्र झाला. दारात चपला काढल्या, गालिच्यावर बसलो. मग विचारपूस सुरू झाली. तब्येत कशी, घरचे कसे, पोरं कशी, काय खबर, आणखी काय खबर. हातात धरलेला हात तो सोडत नव्हता. आपल्याकडं पारावर बसलेला म्हातारा पाऊसपाणी विचारून झाल्याशिवाय कामाचं बोलत नाही, तसंच. एक रीत मात्र ध्यानात ठेवावी: समोरच्याच्या बायकोची चौकशी नावानिशी करायची नाही. घरचे कसे आहेत म्हटलं की त्यात सगळं आलं.

मग खजूर आणि कहवा. कहव्यात दूध नाही, साखर नाही. वेलदोडा घातलेली कडू कॉफी, बिनकानाच्या इवल्याशा कपात. यजमान डाव्या हातात किटली धरतो आणि उजव्या हातानं कप देतो. ओततो घोटभरच. तो संपला की पुन्हा घोटभर. तोंडानं नको म्हटलं तर त्याला वाटतं, पाहुणा संकोचतोय. पुरे असेल तर रिकामा कप बोटांत धरून दोन-तीनदा हलवून द्यायचा, की त्याचा हात थांबतो. निघायची वेळही कुणी तोंडानं सांगत नाही. जेवणं होतात, गप्पा होतात, आणि शेवटी घरातलं कुणी धुपाटणं घेऊन येतं. दक्षिणेतल्या धोफारच्या डोंगरात झाडाच्या सालीला चिरा देऊन काढलेला ऊद, म्हणजे त्यांचा लुबान, त्यात जळत असतो. एकेकानं तो धूर अंगावर, दाढीवर, उपरण्यावर घ्यायचा. धूप फिरला की पाहुण्यांनी उठायचं.

रमजानात दिवसा चारचौघांत खाणं-पिणं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, मग तुम्ही कुठल्याही धर्माचे असा. नव्या पोरांना हे आधीच सांगून ठेवावं. या महिन्याच्या मध्यावर तिथली पोरं संध्याकाळी दारोदार गाणी म्हणत फिरतात, त्याला करनकशो म्हणतात. आमच्या बिल्डिंगमध्ये पोरं आली की आमची ही त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याची चिक्की टाकायची. पुढं-पुढं चिक्कीसाठी म्हणून आमचं दार आधी वाजायला लागलं.

पण आमची मैत्री घट्ट झाली ती पाण्यावरून.

मित्राचं मूळ गाव निजवा शहराजवळ. तिथं फलज आहेत. डोंगराच्या पोटातलं पाणी बोगद्यातून, उघड्या पाटातून, नुसत्या उतारानं खजुराच्या बागांपर्यंत आणायचं. ना पंप, ना मोटार. असे सुमारे तीन हजार फलज ओमानमध्ये आजही चालू आहेत आणि त्यांतले पाच २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मलिक अंबरानं खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जी नहर आणली तिच्यातही पाणी असंच जमिनीखालून उतारानं यायचं. त्यामुळं मला नवल पाण्याच्या वाटेचं नाही वाटलं, वाटपाचं वाटलं. पाणी आधी पिण्याला, मग मशिदीला, आणि त्यानंतर बागांना. बागेच्या पाळ्या दिवसा सावलीवर मोजायच्या आणि रात्री ताऱ्यांवर. कुणाचा कुठला तारा, हे घराघरात ठाऊक. हिशेब ठेवायला गावानं नेमलेला माणूस, त्याला ते वकील म्हणतात.

एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो महिना. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मोबाइलवर ती बातमी बघत मी फलजच्या काठी बसलो होतो, पाय पाण्यात. मित्रानं विचारलं, तुमच्याकडं नदी नाही का? म्हटलं, मांजरा आहे, तिच्यावर धरण आहे, आणि धरण कोरडं आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मला त्या वकिलाकडं घेऊन गेला आणि म्हणाला, याला सगळं नीट समजावून सांगा, याच्या गावाला उपयोगी पडेल. त्या दुपारी त्या म्हाताऱ्यानं वाळूवर काठीनं रेघा ओढून मला पाळ्या शिकवल्या.

आता येळवशीचं सांगतो. लातूर-धाराशिवच्या माणसाला वेळा अमावस्या म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात: मार्गशीर्षातली अमावास्या, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, तिच्यात पाच पांडव, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील शेतभर शिंपायची आणि "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत फेरी मारायची. जेवायला भज्जी म्हणजे शेंगा-दाण्यांची मिसळ भाजी, उंडे, खीर, आंबील. संध्याकाळी पिकातून पेटता हेंडगा, म्हणजे मशाल, फिरवायचा. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात.

मस्कतला आम्हा लातूरकरांची पाच-सहा बिऱ्हाडं होती. दिवाळी, गणपती मंडळात दणक्यात व्हायचे, पण येळवस कुठं करणार? तिला शेत लागतं. मित्रानं ऐकलं आणि म्हणाला, आमचा बरक्याचा मळा आहे ना. बरका हे मस्कतच्या पश्चिमेला समुद्रकाठचं गाव. मळ्यात खजूर, लिंबं आणि जनावरांसाठी लसूणघास. अमावास्या मधल्या वारी आली होती, आम्ही शुक्रवार धरला. पांडव मांडायचे का, यावर आमच्यात बोलणं झालं. जमीन त्यांची, त्यांच्या धर्मात मूर्तिपूजा नाही. पूजा घरीच उरकून मळ्यावर फक्त शिंपण आणि जेवण करायचं ठरलं. असं कुणी सांगावं लागू नये, आपणच ओळखावं.

कडबा तिथं नव्हताच. मित्राच्या वडिलांनी कोप कशी असते ते माझ्याकडून समजून घेतलं आणि काही न बोलता खजुराच्या झावळ्या ओढून आणल्या. चार उभ्या रोवल्या, शेंडे एकत्र वळवून काथ्यानं आवळले, मग बाजूंनी झावळ्या विणत गेले. त्यांचं लहानपण झावळ्यांच्याच घरात गेलेलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण गाठ मारताना बोटं कुठं अडखळली नाहीत.

आंबिलीला ज्वारीचं पीठ रुवीच्या दुकानातून आणलं होतं. ताकाची तर तिथं वाणच नाही, लबनच्या बाटल्या गल्लोगल्ली मिळतात. भज्जीला तुरीच्या ओल्या शेंगा नव्हत्या, फ्रोझन मटार आणि भिजवलेला हरभरा घातला. बोरं कुठून आणायची म्हणत होतो तर मळ्याच्या बांधाला सिदरचं झाड निघालं. ती बोरीचीच जात. त्याची बारकी पिवळी बोरं मित्राच्या पोरींनी ओंजळी भरून आणून दिली. आंबील शिंपताना म्हातारबाबा आमच्याबरोबर शेताला फेरी मारून आले. आंबील त्यांना आवडली. भज्जी त्यांनी एक घास चाखून बाजूला ठेवली.

मी कायमचा परत आल्यावर मित्र आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला आला. निजव्याच्या घरात मी कैकदा जेवलेलो. तिला बरं वाटायला लागल्यावर दोघांना मी निलंग्याजवळच्या आमच्या शेतावर घेऊन आलो. येळवस नव्हती, तरी मायनं आंबील केली. वाटी पुन्हा-पुन्हा भरली जायला लागली तशी म्हातारीनं ती हलवून दाखवली. मायला काय कळणार? तिनं आणखी वाढली. मग मी सांगितलं.

जेवणं झाल्यावर म्हातारी विहिरीपाशी जाऊन बसली. पाळी कुणाची असते, विचारायला लागली. माय म्हणाली, आमच्यात पाळी कसली, लाइट येईल तेव्हा पाणी. रात्री दोनला आली तर दोनला जायचं. मग तिनं विचारलं, तिकडं रात्री कोण जातं? म्हातारी म्हणाली, वडील जायचे, तारा बघून. कंदील धरायला मी. आता बरक्याला मोटार आहे, पण उपसा फार झाला, समुद्राचं पाणी आत आलं आणि विहिरी खारट झाल्या. मायनं विचारलं, मग तुमच्या निजव्याच्या पाटाला अजून गोड पाणी आहे का? आहे म्हणाली. तुम्ही बघायला या म्हणाली, थंडीत या, उन्हाळ्यात नको.

माय आता पासपोर्टला फोटो काढून आली आहे.

नमस्कार.