नांगरावरचं गाणं आणि कोमितास

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते आर्मेनियाच्या लोकगीतांबद्दल, आणि ती जपणाऱ्या दोन गळ्यांबद्दल.

पहिला गळा कोमितास यांचा. मूळ नाव सोघोमोन सोघोमोन्यान. जन्म १८६९ चा, ऑटोमन साम्राज्यातल्या क्युताह्या गावचा. आईबाप लहानपणीच गेले. गावातले आर्मेनियन लोकसुद्धा तुर्कीच बोलायचे. १८८१ साली एचमियाद्झिनच्या, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य धर्मपीठातल्या शाळेसाठी चांगल्या गळ्याचा एखादा अनाथ मुलगा हवा होता, म्हणून याला तिकडे नेलं. सर्वोच्च धर्मगुरू गेवोर्ग चौथे आर्मेनियन भाषेत विचारपूस करू लागले, तर पोरगा गप्प. ‘मला तुमची भाषा येत नाही, हवं तर गाऊन दाखवतो,’ असं त्यानं तुर्कीत सांगितलं आणि आर्मेनियन स्तोत्र म्हटलं. अर्थ ठाऊक नव्हता, सूर मात्र चोख होता. तिथंच त्याची शाळेत वर्णी लागली.

पुढे हाच मुलगा दीक्षा घेऊन ‘वार्दापेत’, म्हणजे विद्वान धर्मगुरू झाला आणि खेडोपाडी हिंडून गाणी टिपू लागला. आपल्याकडे पंडित भातखंडे गवयांकडून बंदिशी गोळा करत होते, साधारण तोच काळ. उस्ताद लोक बंदिशी लपवायचे, हे आपण ऐकलेलं आहे. कोमितास यांची अडचण निराळी होती. काळा झगा घातलेला धर्मगुरू समोर दिसला की बायाबापड्या लाजायच्या, प्रेमाची गाणी ओठांवरच अडायची. मग हे महाशय भिंतीआड नाहीतर घराच्या सपाट छतावर दडून बसायचे आणि झरझर लिहून घ्यायचे. इस्तंबूलच्या हाम्बार्त्सुम लिमोंजियान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली आर्मेनियन स्वरलिपी त्यांच्या हातात मुरलेली होती. पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीपेक्षा ती भरभर लिहिता येते.

त्यांनी टिपलेल्यांपैकी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘होरोवेल’, नांगरावरचं गाणं. लोरी प्रांतातल्या वार्दाब्लुर गावच्या होरोवेलवर त्यांनी एक सविस्तर लेखच लिहिला. तिथला नांगर चांगलाच जड, बैलांच्या कितीतरी जोड्या लागायच्या. जोखडावर पोरं बसलेली, मागे नांगऱ्या. गाणं म्हणजे देवाचं नाव, बैलांना लाडीगोडी, मध्येच पोरावर खेकसणं, आणि सारखे ‘हो’, ‘होवेल’ असे लांबवलेले पुकारे. नांगराचं तास जिथं वळेल तिथं सूरही वळायचा. कोमितास यांनी यातला एकेक पुकारा वेगळा काढून तपासला. बैल हाकलायचं ओरडणं कुठं संपतं आणि गाणं कुठं सुरू होतं, हे त्यांना पाहायचं होतं. आणि त्यांच्या हेही ध्यानात आलं, की शेतकऱ्याला ‘जरा घरात बसून होरोवेल म्हणून दाखवा’ म्हटलं तर तो गोंधळतो. नांगर चालत नसताना नांगराचं गाणं कशाला म्हणायचं? त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

मधल्या काळात बर्लिनमधलं शिक्षण झालं. १९०६ साली पॅरिसमध्ये मैफल गाजली. १९१० साली इस्तंबूलला येऊन त्यांनी ‘गुसान’ नावाचं तीनशे गायकांचं वृंद उभं केलं. चर्चमधली स्तोत्रं रंगमंचावर गायली म्हणून धर्मसत्तेचा रोष ओढवून घेतला, तरी गाणं काही थांबवलं नाही.

मग १९१५ साल. ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा संहार सुरू झाला. २४ एप्रिलच्या रात्री इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक, पत्रकार, पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्यांत कोमितास होते. त्यांना दूर चांकरीला धाडलं. ते परत आले, पण मन कायमचं मोडलं. पुढची वर्षं पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात काढून १९३५ साली ते वारले. कागदपत्रं इतस्ततः झाली. तीन हजारांच्या आसपास गाणी त्यांनी टिपली होती असं मानतात, हाती उरली बाराशेच्या घरात. आणि ज्या गावांनी ती गाणी दिली, त्यांतली कितीतरी आर्मेनियन गावं त्या संहारात ओस पडली. आता विचारायला जायचं तरी कुणाकडे?

म्हणून मला दुसरा गळा, म्हणजे गायिका हास्मिक हारुत्युन्यान यांचं काम महत्त्वाचं वाटतं. येरेवानच्या ‘शोघाकेन’ या वाद्यवृंदाबरोबर त्या गातात. साथीला जर्दाळूच्या लाकडाचा, फुंकून वाजवायचा दुदुक, तारा छेडून वाजवायचं कानोन, गजानं वाजवायचा कमांचा, आणि ढोल. कोमितास यांची गाणी आज बहुतेक वेळा पियानोवर, ऑपेराच्या ढंगानं ऐकू येतात. सुंदर असतात, नाही असं नाही, पण त्यांना जरा इस्त्री केल्यासारखी वाटते. हास्मिक यांचा आवाज सरळ आणि थोडा खरबरीत, शब्दाला धरून चालणारा. त्यांनी अंगाईगीतांची एक अख्खी ध्वनिमुद्रिका केली आहे. तिथं अंगाईला ‘ओरोर’ म्हणतात. ताल पाळण्याच्या झोक्याचा, पण मजकूर पुष्कळदा झोपेचा नसतोच. दूर गेलेला नवरा, तुटलेलं गाव, सगळं आई बाळाच्या कानात सांगून टाकते. त्यात आक्न गावची ओरोर आहे. युफ्रेटिसच्या वरच्या खोऱ्यातलं हे गाव पोटासाठी परदेशी जाणाऱ्या पुरुषांसाठी प्रसिद्ध होतं, आज ते तुर्कस्तानात आहे. आक्नची गाणी कोमितास यांनी अगदी सुरुवातीच्या काळातच गोळा केली होती.

ऐकायचं असेल तर आधी १९१२ ची पॅरिसमधली ध्वनिमुद्रणं ऐका. अर्मेनाक शाहमुराद्यान गातात आणि पियानोवर स्वतः कोमितास आहेत. काही गाण्यांत तर खुद्द त्यांचाच आवाज आहे. खरखर फार आहे, पहिली दोन मिनिटं सहन करावी लागते. त्याच्या पाठोपाठ हास्मिक यांची आक्नची ओरोर लावा, आणि कुठल्या गाण्यात गाव जास्त ऐकू येतं ते तुम्हीच ठरवा. माझं मत मी सांगितलंच आहे. नमस्कार.