सॅचेल पेजचा थांबलेला हात

नमस्कार श्रोतेहो.

कीर्तनकार रंगात आला की नेमक्या ठिकाणी थांबतो. चिपळ्या हातात तशाच, सभा कान टवकारून बसलेली, आणि मग तो एकच शब्द टाकतो. हशा त्या शब्दाला मिळतो खरा, पण कमाई थांबण्याची असते. बेसबॉलमध्ये हे थांबणं हातात असलेला एक पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, होऊन गेला. सॅचेल पेज हे त्याचं नाव. 1906 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मोबील शहरात तो जन्मला.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, म्हणून एक फरक आधी सांगते. आपल्या गोलंदाजाला जमीन साथ देते. टप्पा पडला की चेंडू वळतो, उसळतो. पिचरला ती साथ नाही. त्याला धावत यायचीही सोय नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर रबराची पट्टी असते, तिला पाय टेकवूनच फेकायचं. समोर 60 फूट 6 इंचांवर होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथली पट्टी. ताशी 95 मैलांचा चेंडू तिथे सुमारे 0.4 सेकंदात पोचतो. एवढ्या वेळात चेंडू नीट पाहून बॅट फिरवणं जमत नाही. म्हणून फलंदाज पिचरच्या पायावरून, खांद्यावरून अंदाज बांधतो आणि त्या लयीवर स्वतःची बॅट बेततो.

पेजने हीच लय मोडली. त्याचा लांब डावा पाय वर जायचा, खाली यायचा, जमिनीला टेकायचा. आता चेंडू यायलाच हवा. पण हात अजून मागेच! फलंदाजाची बॅट निघालेली असायची आणि चेंडू तिच्या मागून यायचा. या चेंडूला ‘हेझिटेशन पिच’ म्हणत. आपल्या चेंडूंना नावं द्यायची त्याला हौसच होती. मधमाशीसारखा गुणगुणत येतो तो ‘बी बॉल’, बॅटला चुकवतो तो ‘बॅट डॉजर’.

गावोगावच्या सामन्यांत तो कधीकधी मागचे क्षेत्ररक्षक आत बोलवायचा. त्यांना खाली बसायला सांगायचा आणि मग फलंदाजाला बाद करायचा. लोक हसून लोटपोट व्हायचे. मला या विनोदाबद्दल फार आदर वाटतो, कारण त्यात तो सगळं पणाला लावायचा. एक बरा फटका बसला असता तर चेंडू अडवायला मागे कुणी नव्हतं. आणि हे करणारा माणूस कृष्णवर्णीय होता. ज्या गावात त्याला बघायला मैदान भरायचं, तिथल्याच हॉटेलात त्याला खोली मिळेलच असं नव्हतं. गोऱ्यांपुरत्या राहिलेल्या मोठ्या लीगचे दरवाजे 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूसाठी उघडले, तेव्हा पेजची ऐन उमेदीची वर्षं कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये आणि दौऱ्यांवर निघून गेली होती. ती वर्षं त्याच्याकडून हिरावली गेली, याची चुटपुट मला आजही लागते.

1948 मध्ये मोठ्या लीगमधल्या क्लीव्हलंड संघाने त्याला घेतलं, नेमकं बेचाळिसाव्या वाढदिवशी. त्या हंगामात त्याने सहा सामने जिंकले, एकच हरला, आणि संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकला. हेझिटेशन पिचवर मात्र लीगच्या अध्यक्षांनी बंदी आणली. हातभर उशिराने एवढी दाणादाण!

आता 1965 सालच्या सप्टेंबरात चला. कॅन्सस सिटी संघाने एकोणसाठ वर्षांच्या पेजला बोस्टनविरुद्ध उतरवलं. प्रेक्षकांची गंमत म्हणून त्याला बसायला डुलती खुर्ची दिली होती, शेजारी गणवेशातली नर्स. तो खुर्चीतून उठला आणि तीन डाव टाकले; बेसबॉलचा डाव छोटा, तीन फलंदाज बाद झाले की संपतो. बोस्टनच्या फलंदाजांना त्या तीन डावांत एकच हिट, म्हणजे बाद न होता तळ गाठून देणारा फटका, मिळाली, कार्ल यास्ट्रझेम्स्कीची. धाव एकही नाही.

चौथ्या डावाच्या सुरुवातीला तो पुन्हा उंचवट्यावर आला, तेव्हा त्याला बदललं. लोकांना त्याला उभं राहून निरोप देता यावा म्हणून. मैदानावरचे दिवे मालवले. प्रेक्षकांनी आगकाड्या पेटवल्या आणि त्या उजेडात ते त्याच्यासाठी गात राहिले.