घाम न येणारा चट्टा

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यातलं नागपूर काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या घरात. अशाच एका दुपारी कळमन्याच्या बाजारात पोती वाहणारा एक माणूस आमच्या पॅथॉलॉजीच्या खिडकीशी आला. हातात छोटी बाटली, तिच्यात त्याच्याच दंडावरच्या चट्ट्याचा मसुराएवढा तुकडा. म्हणाला, "सारं आंग भिजते मॅडम, हे एवढंच कोरडं राह्यते." चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'कुष्ठरोग' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. खरं तर त्या एका वाक्यात गड्यानं ते पुसूनच टाकलं होतं.

घाम थांबला, कारण घामाच्या ग्रंथींना निरोप पोचवणारे मज्जातंतू मेले. ते मारले कोणी? जंतूनं, असंच कोणीही म्हणेल. पण हा जंतू मोठा आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला १२ ते १४ दिवस लागतात. तो विष ओकत नाही. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली तो पाहिला, आणि अजूनही प्रयोगशाळेतल्या बशीत तो कोणाला वाढवता आलेला नाही. त्याला थंडावा हवा असतो, म्हणून कातडी, नाक, कानाची पाळी आणि कातडीलगतच्या नसा एवढंच त्याचं राज्य. नागपुरात राहून थंडावा शोधणारा जीव! असो.

त्या तुकड्याची स्लाईड लावली. कातडीच्या थराखाली पेशींची घट्ट गाठ दिसली. मधोमध भक्षक पेशी, जंतूंना गिळणाऱ्या. पण इथे लांबट झालेल्या, एकीला एक चिकटलेल्या. त्यांच्यातच मिसळलेल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. विशेष रंग वापरला, की त्यांतल्या 'सीडी-४' या मदतनीस पेशी आत आणि 'सीडी-८' हा दुसरा प्रकार कडेनं, अशी मांडणी दिसते. मदतनीस पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, त्यानं भक्षक पेशींना चेव येतो. जंतू शोधायला मी अर्धा तास घालवला. एकही सापडला नाही. सापडली ती एक बारीकशी नस, या पेशींनी वेढून कुरतडलेली. जंतू नसेच्या आवरणात लपला होता. त्याला हुसकताना आपल्याच पेशींनी नसही संपवली. तो कोरडा चट्टा म्हणजे त्यांच्याच लढाईची खूण.

आता याच रोगाच्या दुसऱ्या टोकाची, वेगळ्याच रुग्णाची स्लाईड सांगते. इथे गाठ नाहीच. भक्षक पेशी पसरलेल्या, पोटात चरबीचे बुडबुडे भरून साबणाच्या फेसासारख्या झालेल्या. जंतूंसाठीचा रंग दिला, की लाल काड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसतात, थेट गोंदियाकडच्या बिडीच्या बंडलासारखे. टी-पेशी तुरळक, आणि त्यातही 'सीडी-८' जास्त. गंमत बघा, या माणसाचं शरीर इतर जंतूंशी नीट लढतं; नेमकं याच जंतूपुढे गप्प बसतं. आणि सुरुवातीला बधिरपणाही फारसा नसतो. चेहरा तुकतुकीत, कानाच्या पाळ्या जरा जाडसर. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली! कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन घेतलेला स्राव तपासला, तर हजारोंनी जंतू.

आपल्या विदर्भात हा रोग कोणाला नवा नाही. वरोऱ्याचं आनंदवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, ही नावं लहानपणापासून कानावर असतात. त्यामुळेच की काय, कुष्ठरोग म्हटलं की आपल्याला वाकडी बोटंच आठवतात. चट्टा त्याच्या कितीतरी आधी येतो, आणि तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही.

आपल्या हमालदादांनी दाखवला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट सुरू झाल्या. दोन महिन्यांनी ते पुन्हा खिडकीशी उभे. चट्टा लालभडक, सुजलेला. कोपरामागची नस दोरीसारखी जाड, करंगळीत जोर नाही. "गोळ्या सोसल्या नाही, बंद केल्या," म्हणाले. मला रागच आला. त्यांचा नव्हे, हे आधी कोणी समजावून न सांगितल्याचा. गोळ्यांचा यात दोष नव्हता. मेलेल्या जंतूंचे अवशेषही आपल्या पेशींना शत्रूच वाटतात. अचानक चेव येऊन त्या अशा तुटून पडल्या, की नसेचीही गय केली नाही. डॉक्टर याला रिॲक्शन म्हणतात. यात गोळ्या थांबवायच्या नसतात. सोबत प्रेडनिसोलोन देऊन पेशींना आवरायचं असतं. तेही लगेच. नस फार दिवस सुजून राहिली, की गेलेला जोर परत येत नाही.

त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. संत्र्याच्या हंगामात पुन्हा दिसले, कळमन्यातच. मी हात पुढे करून म्हटलं, माझं बोट करंगळीनं दाबून दाखवा. त्यांनी दाबलं. पहिल्याइतकं नाही, पण दाबलं.

"आणि घाम?" मी विचारलं.

"तिथं नाहीच येत," ते म्हणाले, आणि क्रेट खांद्यावर घेतलं.