साबण साच्यात शिजतो

(वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या रविवारच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘घरगुती साबणासाठी पीव्हीसी पाइपचा साचा’. समोरच्या निम्म्याजणींनी गेल्या दिवाळीआधी माझ्या ओट्यावर साबण ढवळलेला आहे. तेव्हा कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, ॲल्युमिनियमचं पातेलं घ्यायचं नाही, चष्मा आणि हातमोजे शेवटपर्यंत उतरवायचे नाहीत, हे मी एकदाच म्हणते आणि पुढे जाते.

पहिल्या रांगेतल्या काकांनी मघाशी चहा घेताना विचारलं, साबणाचा आणि नळाच्या पाइपचा संबंध काय? काका, सख्खा आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन निघतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा. कॉस्टिक साबणवाल्यांकडे, कागदवाल्यांकडे, ॲल्युमिनियमवाल्यांकडे जातो. क्लोरीनचा मोठा वाटा पीव्हीसीत, म्हणजे पाइपच्या प्लास्टिकमध्ये जातो. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीनच असतो. म्हणजे साबणाचं कॉस्टिक आणि साच्याचा पाइप ही एकाच मिठाच्या पोटची भावंडं. देशातलं बहुतेक मीठ आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर पिकतं आणि त्यापासून कॉस्टिक करणारा गुजरात अल्कलीजचा कारखाना इथे रणोलीला आहे, तुमच्या-माझ्या घरापासून स्कूटरच्या अंतरावर. याच गावात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, हाताला काम आणि कामाला शास्त्र मिळावं म्हणून. बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं मी. पण मुलांना हे दाखवायला एक फूट पाइप आणि एक साबण वर्गात न्यावा, हे मला निवृत्तीनंतर सुचलं. याची हळहळ आजही वाटते.

आता माझी तक्रार. साबण शिकायला मी एका कार्यशाळेत गेले होते. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला सिलिकोनचे साचे पुढे मांडले आणि सांगितलं, हे घेतल्याशिवाय साबण नीट बसत नाही. फीच्या वर साच्याचे पैसे. माझ्या शेजारी बसलेली मुलगी घरी डबे करून संसार चालवत होती. तिनं साचे हातात घेऊन पाहिले, परत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तो प्रसंग माझ्या मनातून गेलेला नाही. साच्यासाठी एखादीचा धंदा सुरू होण्याआधीच बंद पडावा, हे मला सहन होत नाही.

म्हणून मी रावपुऱ्यात पाइप मागायला गेले. पाइप तीन किंवा सहा मीटरच्या लांबीत येतो, आणि मला हवा होता एक फूट. दुकानदार म्हणाला, “बेन, कटको नथी आपता,” तुकडा देत नाही. तीन दुकानांत हेच. शेवटी चौथ्या दुकानी बाहेर बसलेल्या प्लंबरनं पिशवीतून अडीच इंची नवा तुकडा काढून दिला, वर एक एन्ड कॅप, पाइपचं तोंड बंद करायचं झाकण, दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, साबण झाला की एक वडी द्या.

भाचीचं केळवण दीड महिन्यावर होतं. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर गोल साबण ठेवायचा, असं मी घरात जाहीर करून बसले होते. पाइपला खालून कॅप घट्ट बसवली, आतून खोबरेल तेलाचा हात फिरवला, तेल आणि कॉस्टिकच्या पाण्याचं श्रीखंडासारखं दाटलेलं मिश्रण ओतलं. दोन दिवसांनी पाइप उलटा केला. काही नाही. थोपटला, ओट्यावर आपटला. काही नाही. आमच्या ह्यांनी साबणात लांब स्क्रू रोवून पक्कडीनं ओढला, तर स्क्रू उपसून आला आणि साबण जागच्या जागी. दीर आले, त्यांनी पाइप पायांत धरला. समोरच्या वहिनी आल्या, त्यांनी गरम पाणी ओतायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत अर्धी सोसायटी आमच्या स्वयंपाकघरात आणि पाइप मधोमध, लग्नघरातल्या नवरदेवासारखा. कुणाचंही ऐकत नव्हता! (हशा)

तिसऱ्या दिवशी तोच प्लंबर टाकीचं काम करायला आमच्या इमारतीत आला. त्याच्याजवळ टाकीला भोक पाडायचा होल-सॉ होता. पाइप हातात घेऊन त्यानं कॅपवर टकटक केलं आणि म्हणाला, “बेन, अंदर हवा तो जवा द्यो.” कॅपच्या बुडात अंगठ्याएवढं भोक पाडलं. ‘फुस्स’ असा आवाज झाला. मग भोकातून रवीचा दांडा घालून ढकलला आणि साबण सरसर पुढे सरकला.

मी त्या रात्री हिशेब मांडला. पाइपचा आतला व्यास साधारण ७ सेंटिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटिमीटर. साबण वर ओढला की खाली पोकळी होते, आत शिरायला हवेला वाट नाही, आणि बाहेरच्या हवेचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलो. सगळे मिळून ३८ किलो. भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जड! आमचे हे आणि दीर इतका वेळ हवेशी झोंबत होते. बत्तीस वर्षं मी फळ्यावर वातावरणाचा दाब काढला, पण तो मनगटाला कळला तो त्या दिवशी. खोबरेल तेलाचंही चुकलंच होतं. तेल कॉस्टिकला भेटलं की तेही साबणच होतं, मग ते साबण सोडवणार कसं? लिक्विड पॅराफिन किंवा पेट्रोलियम जेली लावा. ती खनिज आहे, कॉस्टिक तिला ओळखत नाही.

अध्यक्षबाईंनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. मूळ मुद्दा राहिलाच की. भराभर सांगते.

साबण साच्यात थिजतो, असं आपण म्हणतो. खरं तर तो साच्यात शिजतो. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की आपली आपण उष्णता निघते आणि मिश्रण ओतल्यावरही काही तास निघतच राहते. ट्रेमध्ये पसरलं तर ती वरून निसटते. पाइपमध्ये ती मध्यभागी धरली जाते. मध्यभाग जेलीसारखा अर्धपारदर्शक, गडद होतो आणि तो रंग कडेपर्यंत पोचला तर वडी एकसारखी दिसते. मध्येच थांबला तर कापल्यावर आत गडद चकती दिसते, चंद्राला खळं पडावं तशी. साबण वाईट नाही, फक्त दिसायला दुभंगलेला. उपाय गोधडी. आपल्याकडे जानेवारीत पाइप गोधडीत गुंडाळा, मे महिन्यात उघडा ठेवा. मात्र पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, तेव्हा गॅसवर शिजवून केलेला उकळता साबण त्यात ओतू नका, आणि कॉस्टिकचं पाणी तर पाइपात कालवूच नका, ते कालवताना फार तापतं.

पाइप नवाच घ्या. जुन्या पाइपांत प्लास्टिक उष्णतेनं बिघडू नये म्हणून शिशाची संयुगं, म्हणजे स्टॅबिलायझर, वापरत असत. ते थांबवायला २०२१ साली केंद्र सरकारनं नियम केले. तरी मी आतून प्लास्टिकची पातळ शीट गोल करून घालते, साबण पाइपला लागतच नाही. माप: ७५ मिलिमीटरचा ३० सेंटिमीटर तुकडा. खोबरेल २५० ग्रॅम, शेंगदाणा ४००, एरंडेल ५०, कॉस्टिक १०१, पाणी २३०. काट्यावर ग्रॅममध्ये, वाटी-चमच्यानं नाही. तेल बदललं की कॉस्टिकचा आकडाही बदलतो, तो नव्यानं काढायचा. कॅप नको. तळाला दुहेरी प्लास्टिक आणि रबरबँड, वरून चिकटपट्टी. दोन्ही बाजू उघडता आल्या पाहिजेत. दोन दिवसांनी तीन-चार तास फ्रीझरमध्ये. साबण आकसतो. बाहेर काढून पाइपवरून गरम पाण्याचा हात फिरवला की पाइप फुलतो, साबण अजून गारच असतो. मग लाटण्यानं ढकला. अडीच सेंटिमीटरच्या वड्या तारेनं कापा, चार ते सहा आठवडे हवेशीर सुकवा. दर आठवड्याला एक वडी तोलत जा. वजन उतरायचं थांबलं की झाली तयार.

मागच्या टेबलावर ओल्या टॉवेलात एक पाइप आहे. सकाळपर्यंत माझ्या फ्रीझरमध्ये होता. कुणीतरी दोघी पुढे या. एकीनं पाइप आडवा धरायचा, दुसरीनं लाटणं. काका, तुम्ही ताट धरा, त्याच्या तोंडाशी. हं... अजून थोडं... हळू, सरळ ढकल... आला बघा.