तारेची दोन मोकळी टोकं

नमस्कार श्रोतेहो.

शाळेच्या कवायतीत मुलं हातात हात धरून रांगेत उभी राहतात. मधल्यांचे दोन्ही हात गुंतलेले. पहिल्याचा डावा आणि शेवटच्याचा उजवा, एवढे दोनच हात मोकळे. भौतिकशास्त्रज्ञ अलेक्सेई किताएव यांनी २००१ साली अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या, तारेचं गणित मांडलं, ते असंच. तारेतल्या प्रत्येक जागेवरच्या इलेक्ट्रॉनचे कागदावर दोन अर्धे करायचे, त्यांना म्हणायचं मायोराना. प्रत्येक अर्ध्याची शेजारच्या जागेवरच्या अर्ध्याशी जोडी लागते आणि टोकांना एकेक अर्धा उरतो. दोन टोकं, मिळून एकच अवस्था, ऊर्जा शून्य. पुन्हा सांगतो: दोन टोकं, एक अवस्था, ऊर्जा शून्य. तार आखूड असेल तर ही ऊर्जा शून्यावरून जराशी सरकते, पण तार वाढवत नेली की ती झपाट्यानं पुन्हा शून्याकडे येते.

आता हे प्रयोगात ओळखायचं कसं? इथे डेल्फ्टची गोष्ट सांगायलाच हवी. नेदरलंड्समधल्या या गावात २०१२ साली इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकाची नॅनोतार, म्हणजे अतिसूक्ष्म तार, अतिवाहकाला चिकटवली, केल्विनच्या काही शतांशांपर्यंत थंड केली आणि तारेच्या दिशेनं चुंबकक्षेत्र दिलं. शून्य व्होल्टला वाहकतेच्या, म्हणजे वीज किती सहज वाहते त्याच्या, आलेखात एक उंचवटा आला. त्या अवस्थेची ऊर्जा शून्य, तेव्हा मायोराना असेल तर शून्य व्होल्टला असाच उंचवटा यायला हवा होता, म्हणून गाजावाजा झाला. पण तारेत एखादी अशुद्धी असली किंवा टोकाशी नकळत क्वांटम ठिपका, म्हणजे इलेक्ट्रॉन अडकून बसतील अशी इवलीशी जागा, तयार झाला, तरी तिथेच उंचवटा येतो. मग कसोटी आणखी कडक झाली: उंचवट्याची उंची नेमकी ७७.५ मायक्रोसिमेन्स, म्हणजे सुमारे १२.९ किलोओहम रोधाइतकी हवी, आणि गेटचा, म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन कमीजास्त करणाऱ्या शेजारच्या पट्टीचा, व्होल्टेज बदलला तरी ती तिथेच सपाट राहायला हवी. २०१८ साली डेल्फ्टच्याच गटानं 'नेचर'मध्ये असा सपाट माथा दाखवला.

सर्गेई फ्रोलोव आणि विन्सेंट मौरिक या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी या २०१८च्या निबंधाच्या मूळ नोंदी मागितल्या. हे मौरिक म्हणजे २०१२च्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक, परके कुणी नव्हेत! नोंदी पाहिल्या तर छापलेल्या आलेखाच्या बाहेर वाहकता त्या माथ्यावर थांबतच नव्हती, आणखी वर जात होती. एका आकृतीत आलेखाचा तुकडा वगळलेला होता, आणि अक्षावरच्या खुणांमुळे तो वगळल्याचं कळत नव्हतं. मोजमाप पुन्हा तपासून जुळवल्यावर उंचीचा आकडाही हलला. मार्च २०२१मध्ये निबंध मागे घेतला गेला. आकडे बनावट असल्याचा पुरावा चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांना मिळाला नाही. हवं ते दिसलं आणि तेवढंच निवडलं गेलं. आपल्याकडे कॉलेजात प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधीच्या बॅचची रीडिंग उतरवतात ना, ती सवय मोडायची तर मास्तरांनी चुकलेल्या रीडिंगला मार्क द्यायला हवेत. असो.

आता लांब पल्ल्याचं. किताएवच्या तारेत जोडी फक्त शेजाऱ्याशी जमते. दूरच्या जागांशीही जोडी जमते, आणि तिची ताकद अंतराच्या 'अल्फा' घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते, असं धरलं तर? अल्फा जितका लहान, तितकी ताकद दूरवर टिकते. २०१४ पासून वोडोला, पुपिल्लो, वियुएला या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब केला. अल्फा दीडच्या वर असेल तर सगळं ओळखीचं, टोकांची ऊर्जा शून्य. अल्फा एकच्या खाली गेला की दूरदूरची टोकंही एकमेकांना गाठतात आणि ऊर्जा शून्यावरून उठते. लक्षात घ्या, तार कितीही लांब केली तरी ती परत शून्यावर येत नाही. अवस्था मात्र दोन्ही टोकांनाच चिकटलेली राहते.

हे निव्वळ कागदावरचं नाही. शिशाच्या पृष्ठभागावर रचलेली लोखंडाच्या अणूंची साखळी प्रिन्स्टनमध्ये २०१४ साली तपासली गेली. अशा चुंबकी साखळीत इलेक्ट्रॉनची एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी आणि जोडी, दोन्ही साधारण अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतात, म्हणजे अल्फा साधारण एक. शिशात हे सुमारे ८० नॅनोमीटरपर्यंत चालतं, त्यापुढे ताकद झटकन संपते.

मग अल्फा एकच्या खाली असलेल्या साखळीत शून्य व्होल्टचा उंचवटा शोधत बसणं चूक. तिथे दोन उंचवटे हवेत, शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर. तेच व्होल्ट दुसऱ्या टोकालाही मिळायला हवेत. आणि साखळी दुप्पट लांबीची करून पुन्हा मोजायचं: उंचवटे शून्याकडे सरकले, तर ती नुसतीच आखूड तार होती.