डोंगरापलीकडची द्राक्षं

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना हे सांगायची गरज नाही: तोडणी झाली की द्राक्ष कुणासाठी थांबत नाही. आज ज्या होशार कुटुंबाची हकीकत मी सांगणार आहे, त्यांची बाग आणि वाइनरी यांच्यामध्ये अख्खी पर्वतरांग उभी आहे. आणि ती ओलांडणाऱ्या वाटेवर पंधरा वर्षं युद्धाचं सावट होतं.

हे लेबनॉनमधलं घराणं. गास्ताँ होशार यांनी १९३० साली बैरूतच्या उत्तरेला, गझीर गावातल्या अठराव्या शतकातल्या एका गढीत 'शातो मुसार' ही वाइनरी सुरू केली. द्राक्षं मात्र पलीकडच्या बेका खोऱ्यातली, सुमारे हजार मीटर उंचीवरची. इतकं अंतर कशाला ठेवलं? तेव्हा तिथे फ्रेंचांचा अंमल होता आणि बेका उद्या लेबनॉनमध्ये राहील की सीरियात जाईल, याची खात्री नव्हती, असं सांगतात.

थोरला मुलगा सर्ज फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये वाईनचं शास्त्र शिकला. १९५९ पासून वाईन त्याच्या हातात आली. धाकट्या रोनाल्डने व्यवहार सांभाळला.

१९७५ ला यादवी पेटली. १९७६ ला वाईन झालीच नाही. त्यानंतर मात्र दर हंगामात तोडणी झाली, भरलेले ट्रक चौक्या आणि गोळीबार चुकवत डोंगर ओलांडत राहिले. १९८४ साली तर ते इतके रखडले की द्राक्षं वाटेतच आंबायला लागली! वाइनरीच्या तळघरात बॉम्बहल्ल्याच्या वेळी शेजारीपाजारी आसऱ्याला येत. घरचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा सर्ज बाटल्या घेऊन परदेशी निघाले. १९७९ च्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वाईन मेळ्यात त्यांची वाईन जाणकारांच्या नजरेत भरली.

मला सगळ्यात जास्त भिडतं ते पुढचं. मुसारची लाल वाईन साधारण सात वर्षं मुरल्यावरच विक्रीला निघते. म्हणजे १९८३ ची वाईन पिंपात भरताना, ती बाहेर काढायला आपण असू की नाही, हेही या माणसांना ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी घाई केली नाही. पांढऱ्या वाईनसाठी ओबैदे आणि मेरवाह ही तिथली जुनी, देशी द्राक्षंही त्यांनी सोडली नाहीत.

सर्ज होशार २०१४ च्या अखेरच्या दिवशी गेले. आता पुढची पिढी काम पाहते. द्राक्षं अजूनही डोंगर ओलांडूनच गझीरला येतात.